दहाव्या भागातला चांगला माणूस

माझं लग्न ठरत आलं होतं त्याच महिन्यात मी जळगावच्या एका भरल्या थेटरात, पडद्यावर, एका म्हातारीला विहिरीत ढकललं. आणि ते मी का केलं हे सांगणारा भाग आजतागायत निघालेला नाही.

तेव्हा मी धुळ्याला देवपुरातल्या एका हायस्कुलात इतिहास शिकवत होतो. स्वातंत्र्य मिळून सात-आठ वर्षं झाली असतील. आईवडील लवकर गेलेले. थोरल्या बहिणीनं, अक्कानं, मला वाढवलं आणि नोकरी लागल्यावरही मी तिच्याच घरी राहत होतो. दाजी कामानिमित्त सदा फिरतीवर, त्यामुळे घराचा आणि माझा सगळा कारभार अक्काच्या हातात. माझं लग्न झालं की मी सुटणार की ती सुटणार, याबद्दल आमच्यात एकमत नव्हतं.

त्या वर्षी उन्हाळ्याच्या सुट्टीत मुंबईची एक सिनेमा कंपनी लळिंगच्या किल्ल्याखाली राहुट्या ठोकून बसली. धुळ्यातला निम्मा गाव रोज तिकडे. मीही गेलो. (इतिहासाच्या शिक्षकानं किल्ला पाहायला जावं यात गैर काही नाही, असं मी घरी सांगितलं होतं.) कंपनीचे डायरेक्टरसाहेब म्हणजे लहानखुरा, चपळ माणूस. मूकपटाच्या जमान्यात भागाभागांचे सिनेमे निघत. दर रविवारी एक भाग, आणि भाग संपताना हिरो कुठल्यातरी कड्याला लोंबकळत असे. तो जमाना हे गृहस्थ परत आणणार होते. सिनेमाचं नाव 'काली खिंड का राज'. एकूण भाग बारा.

त्यांना डाकू हवे होते. मी पाठीमागून फार भयंकर दिसतो, असं त्यांनी मला समोरून सांगितलं.

"मास्टरजी, डाकू बनेंगे?"

"मी शिक्षक आहे साहेब. लोक काय म्हणतील?"

त्यांनी माझ्या खांद्यावर हात टाकला, मला एका निंबाच्या झाडामागे नेलं आणि कानाशी तोंड आणलं.

"किसी से कहना नहीं. आप असल में डाकू हैं ही नहीं. सरकारी अफसर हैं. भेस बदलकर टोली में घुसे हैं. दसवें भाग में परदा खुलेगा."

"आणि तोपर्यंत?"

"तब तक जितना बुरा बन सको, बनो. अभी जितने बुरे, दसवें में उतने अच्छे."

हा हिशेब मला पटला. पुढचे अठरा दिवस मी मन लावून वाईट झालो. वरात लुटली, झोपड्या पाडल्या, एका म्हाताऱ्या बाईला विहिरीत लोटलं, हिरॉइनला उचलून बैलगाडीत टाकलं, आणि तिच्या पडद्यावरच्या बापावर खंजीर उगारला. खंजीर खाली यायच्या आत डायरेक्टरसाहेब 'कट' म्हणाले. तिसरा भाग तिथे संपत होता. उरलेले नऊ भाग दिवाळीच्या सुट्टीत काढायचं ठरलं.

मी एकच अट घातली होती. पडद्यावर माझं नाव पूर्ण यावं. भास्कर चौधरी नावाची माणसं खानदेशात शेकड्यांनी असतील. माझं श्रेय भलत्याच भास्करला जाऊ नये. डायरेक्टरसाहेबांनी ती आनंदानं मान्य केली. त्यामुळे सुरुवातीलाच मोठ्या अक्षरांत पाटी आली : मास्टर भास्कर नामदेव चौधरी, बी.ए., देवपूर, धुळे. एवढा सविस्तर पत्ता पोलीस ठाण्यातसुद्धा कुणी देत नाही.

पावसाळा सरला आणि सावद्याचं स्थळ आलं. घर केळीवाल्यांचं, सुखवस्तू. मुलगी कमल, सातवी फायनल झालेली. अक्का आणि मी पाहायला गेलो. तिचे वडील, त्यांना सगळं सावदा आबा म्हणे, फार कमी बोलत आणि बोलले की समोरचा गप्प होई. त्यांची आई, मोठी माय, काठी टेकत बाहेर आली आणि माझ्या डोक्यावरून हात फिरवून "पोरगं गरीब दिसते" म्हणाली. कमलनं पोह्यांची बशी दिली आणि एकदाच वर पाहिलं. त्या एका पाहण्यात तिनं माझी पुरी हजेरी घेतली असं मला वाटलं. परतीच्या गाडीत मी चाळीसगावपर्यंत खिडकीबाहेर बघत होतो आणि अक्का माझ्याकडे.

"आवडनी का रे?" तिनं विचारलं.

"ठीक आहे," मी म्हणालो. मला दुसरं काही सुचेना एवढी आवडली होती.

सावद्याहून होकार आला. दिवाळीनंतर साखरपुडा धरला. इथवर सगळं सुरळीत होतं. मग 'काली खिंड का राज'चे झालेले तीन भाग जळगावला रविवारी सकाळच्या खेळाला लागणार असल्याचं कळलं. रिळांचा एकच संच होता, म्हणून प्रत्येक भाग आधी जळगावला आणि पुढच्या रविवारी धुळ्याला.

आता शहाणा माणूस गप्प बसला असता. मी आबांना पत्र टाकलं : 'जळगावी माझे काम पडद्यावर येत आहे. सहकुटुंब अवश्य पाहावे.' सहकुटुंब या शब्दाखाली मी रेघही मारली होती.

ते खरंच सहकुटुंब गेले. आबा, कमलची आई, कमल, दोन काकू, मोठी माय, असे नऊजण सावद्याहून पहाटेच्या गाडीनं निघून भुसावळमार्गे जळगावला पोचले. बुधवारी आबांचं कार्ड आलं.

'भाग पहिला पाहिला. वरातीवर दरोडा घालून नवरीच्या अंगावरचे दागिने ओरबाडणारे आपणच का, ते कळवावे.'

अक्कानं कार्ड दोनदा वाचलं. "तुले कोनी सांगेल व्हतं पत्र लिखाले?"

"अगं, तो अभिनय आहे."

"तुले माहीत शे. त्यास्ले माहीत शे का?"

मी लगेच उलट टपाली कळवलं : 'होय, मीच. परंतु यात एक गुपित आहे. पुढील भाग पाहावेत.' गुपित काय ते लिहिलं नाही. डायरेक्टरसाहेबांना शब्द दिला होता.

त्या रविवारी धुळ्याला पहिला भाग लागला तेव्हा मी तो पाहिला. किल्ल्याखाली काम करताना गंमत वाटली होती. पडद्यावर मी बारा फूट उंच होतो. माझ्या तोंडी आवाजही माझा नव्हता. मुंबईला कुणीतरी घोगऱ्या गळ्याच्या माणसाकडून भरून घेतला होता. जिथे तो माणूस कंटाळला असावा तिथे आवाजच नव्हता, नुसते ओठ हलत आणि मागे ढोल वाजत. आणि मी इथे हा पहिला भाग बघतोय म्हणजे त्याच सकाळी तिकडे जळगावात नऊजण रांगेत बसून दुसरा बघताहेत, हे मला मध्यंतरात आठवलं. दुसऱ्यात विहीर होती.

बुधवारचं कार्ड लहान होतं : 'भाग दुसरा पाहिला. मातोश्रींनी दोन दिवस अन्न घेतलेले नाही.'

मला शाळेत शिकवणं सुचेना. अहमदशाह अब्दालीच्या जागी मी दोनदा स्वतःचं नाव घेतलं. पुढच्या रविवारी धुळ्यात तो भाग पाहिला आणि मातोश्रींचं चुकलं नाही हे कळलं. मी म्हातारीला लोटतो, ती किंचाळते, आणि लगेच माझा चेहरा पडदाभर, खदाखदा हसणारा. ते हसणं त्या दिवसाचं नव्हतंच. जेवणाच्या सुट्टीत हिरोच्या पायजम्याची नाडी तुटली होती, तेव्हा मी हसलो होतो आणि कॅमेरा कुणीतरी चालू ठेवला होता. ते हसणं डायरेक्टरसाहेबांनी विहिरीला जोडलं. थेटरातली माणसं माझ्या नावानं बोटं मोडत होती. मी रुमालानं तोंड झाकून बाहेर पडलो, तर डोअरकीपर म्हणाला, "मास्तर, घरी म्हातारं माणूस कोणी शे का?" दुसऱ्या दिवशी मी सार्वजनिक आडाजवळून जाताना शेजारच्या काकू कठड्यापासून चार पावलं मागे सरल्या.

मी आबांना लिहिलं : 'कृपया दहाव्या भागापर्यंत धीर धरावा.'

बुधवार आला. कार्ड आलं नाही. गुरुवारी नाही, शुक्रवारी नाही. त्या आधीच्या रविवारी जळगावला तिसरा भाग होऊन गेला होता, म्हणजे हिरॉइनला पळवणं आणि तिच्या बापावर खंजीर. मी पोस्टमनची वाट पाहत दारात उभा राहायचो. तो लांबूनच हात हलवून 'नाही' म्हणायचा. शनिवारी तर तो आमच्या गल्लीत शिरलाच नाही.

"आते काय करशी?" अक्का म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. "इतली चांगली पोर. हातमातून जाई रे ती."

मी ठरवलं की चौथ्या भागाला स्वतः जळगावला जायचं, सावद्याच्या मंडळींच्या शेजारी बसायचं आणि गुपित फोडून टाकायचं. चौथा भाग अजून काढलाच नव्हता, दिवाळीची सुट्टी लागायची होती, एवढा साधा विचार मला सुचला नाही. काळजीनं माझी अक्कलच बंद पडली होती. प्रत्येक भागाच्या शेवटी 'अगले इतवार' अशी पाटी असे, तिच्यावर मी थेटरातल्या सगळ्यांसारखाच विश्वास ठेवला.

जळगावला थेटरासमोर पोचलो तर दारावर भलतंच चित्र. देवाचा सिनेमा. कृष्ण कालियाच्या डोक्यावर नाचत होता. आणि त्याच्यासमोर, चार वाजता उठून आलेले, शिदोरीची फडकी हातात घेतलेले सावद्याचे नऊजण उभे.

"राम राम," मी म्हणालो.

मोठी माय आबांच्या मागे गेली. तिथून तिनं काठी पुढे धरली.

"चौथा भाग कुठे आहे?" आबांनी विचारलं.

थेटरच्या मॅनेजरनं खिशातून पत्र काढलं. हिरो घोड्यावरून पडून त्याचा हात मोडला होता. हिरोचे सासरे हेच कंपनीचे मालक. जावयाचा हात मोडला आणि सासऱ्यांचा या धंद्यातला जीवच उडाला. सिनेमा बंद. उरलेले नऊ भाग निघणार नाहीत.

एव्हाना भोवती लोक जमले होते. "हाच तो," कुणीतरी म्हणालं, "म्हातारीवाला." एक बाई आपल्या सासूला हाताला धरून पलीकडे घेऊन गेली.

"आबा," मी घाईनं म्हणालो, "मी डाकू नाही. मी सरकारी अधिकारी आहे. वेष बदलून टोळीत शिरलोय. दहाव्या भागात ते उघड होणार होतं."

"दहावा भाग आहे का?"

"नाही."

"व्हनार आहे का?"

"नाही."

आबांनी टोपी काढली, झटकली, परत घातली. "मास्तर, सिनेमा खोटा असते हे मलेबी समजते. पन सावद्याले घरोघर मले एकच विचारतात, की जावई असा काबरं. मी त्याहिले काय सांगू? दहावा भाग निघाला नही म्हनून? तुम्ही चांगले आहात हे सांगनारा एक तरी मानूस आना. साखरपुड्याचं मंग पाहू."

कमल काकूंच्या मागे उभी होती. तिनं या वेळी वर पाहिलंच नाही. ती पदर तोंडाशी धरून खाली बघत होती, आणि ती रडतेय असं समजून मी त्या दिवशी धुळ्यापर्यंत उभ्यानं प्रवास केला. जागा असून.

डायरेक्टरसाहेबांना मी दोन तारा केल्या. उत्तर नाही. मग मला दगा आठवला.

दगा टेलर धुळ्यातच राहायचा. आमच्या टोळीत पाच डाकू होते, त्यांतला तो एक. (दगा हे नाव आमच्या खानदेशात घरोघर सापडतं, त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. मला वाटायला हवं होतं.) मी त्याला दुकानात गाठून सगळं सांगितलं आणि शेवटी म्हणालो, "दगाभाऊ, टोळीत एक सरकारी माणूस होता, दहाव्या भागात तो उघड होणार होता, हे तुम्हाला ठाऊक आहे का?"

त्याच्या हातातली कात्री थांबली. त्यानं माझ्याकडे रोखून पाहिलं. "ठाऊक शे. तुम्हाले कोनी सांगं?"

"डायरेक्टरसाहेबांनी. तुम्ही सावद्याला येऊन एवढंच सांगाल?"

"सांगसू ना. खरं ते सांगाले काय हरकत शे."

माझा जीव भांड्यात पडला. पुढच्या रविवारी अक्का, मी आणि दगा टेलर सावद्याला गेलो. स्टेशनपासून टांगा केला. दोन्ही बाजूंना केळीचे मळे, आणि मी सगळ्या रस्ताभर दगाला पढवत होतो. तो नुसता मान हलवत होता.

आबांच्या ओट्यावर सतरंजी टाकलेली होती. आबा मध्ये, शेजारीपाजारी दोन बाजूंना, मोठी माय दाराच्या आत, उंबऱ्यापाशी. घरासमोर एक विहीर होती. आमच्यासाठी जागा ठेवली होती ती विहिरीपासून सगळ्यात लांब.

चहा झाला. मी घसा साफ केला. "आबा, हे दगा टेलर. माझ्याबरोबर होते. टोळीत सरकारी माणूस होता की नव्हता, हे यांच्या तोंडून ऐका."

"व्हता," दगा ठामपणे म्हणाला. "पाचमधला एक सरकारी व्हता. मुंबईना साहेबनी सोता सांगेल शे."

ओट्यावर कुजबुज झाली. आबांची मुद्रा सैल पडली. अक्कानं देवाला हात जोडले. मी पाठ ताठ करून बसलो. आजही तो क्षण आठवला की मला स्वतःची दया येते.

"मंग कोन व्हता तो?" आबांनी विचारलं.

"मी," दगा म्हणाला.

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. "काय?"

"मी. सरकारी मानूस मी व्हतू. दहावा भागमा मन्हा परदा उघडनार व्हता."

"आणि हे?" आबांनी माझ्याकडे बोट केलं.

"हाई? हाऊ खरा डाकू शे."

"दगाभाऊ," मी ओरडलोच, "शुद्धीवर आहात का? तुम्हाला घोड्यावर बसता येत नव्हतं!"

"म्हनीसनच मले खेचर देयल व्हतं. सरकारी मानूसनं घोडावर कसाले मिरवानं?"

"मला साहेबांनी निंबाच्या झाडामागे नेऊन कानात सांगितलं होतं."

"मले बी निंबना झाडमागेच सांगं. खांदावर हात ठेईसन. 'किसी से कहना नहीं', अशेच म्हनेत ना?"

अगदी तसंच म्हणाले होते. आम्ही दोघं एकमेकांकडे बघत राहिलो आणि दोघांच्याही ध्यानात एकाच वेळी आलं. (उरलेल्या तिघांना मी नंतर गाठून विचारलं. तिघेही सरकारी अधिकारी होते. त्या टोळीत डाकू असा कुणी नव्हताच, आणि त्या झाडामागे आम्ही पाचही जण एकेक करून जाऊन आलो होतो.)

अक्कानं डोळे मिटून घेतले. मी मनातल्या मनात परतीच्या गाडीची वेळ आठवू लागलो. साखरपुडा तर गेलाच, पण आता धुळ्याच्या शाळेत आणि सावद्याच्या बाजारात हा किस्सा पोचणार होता. एक साधा माणूस म्हणून या ओट्यावर येऊन बसलो असतो, तर एव्हाना जावई असतो. ते सोडून मी साक्षीदार घेऊन आलो होतो.

तेवढ्यात उंबऱ्याआडून काठी वाजली.

"ते राहू द्या सरकारी-बिरकारी," मोठी माय म्हणाली. "त्या बुढीचं काय झालं ते सांग रे बावा. वाचली का मेली?"

मी तोंड उघडायच्या आत दगा म्हणाला, "मोठी माय, ती बुढी मीच शे."

"काय म्हनतो?"

मग त्यानं सांगितलं. विहिरीत पडायला कुणाचीच आई तयार होईना. दगा शिंपी, त्यानं स्वतःच्या मापाची चोळी शिवली, आपल्या आईचं लुगडं नेसला आणि उभा राहिला. विहीर कोरडी, पाच हात खोल, तळाला कडब्याच्या पेंढ्या पसरलेल्या. एकदा ढकलून भागलं नाही म्हणून मी त्याला चारदा ढकलला होता.

मोठी माय उंबरा ओलांडून बाहेर आली. तिनं दगाला खालपासून वरपर्यंत निरखलं. पस्तिशीचा गडी, गालांवर दोन दिवसांची दाढी.

"चालून दाखव," ती म्हणाली आणि आपली काठी त्याच्या हातात दिली.

दगा उठला. कमरेत वाकला, उपरणं डोक्यावरून घेतलं आणि कण्हत कण्हत ओट्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेला. तो खरोखर उत्तम नट होता, हे मला त्या दिवशी कबूल करावं लागलं. परत आल्यावर त्यानं मोठ्या मायच्या पायांशी बसून, थरथरत्या आवाजात, "माय व, मले वाचाड" म्हटलं.

मोठी माय बघत राहिली. मग तिचं बोळकं हळूहळू पसरलं आणि ती हसायला लागली. हसता हसता तिला ठसका लागला, तिनं दगाच्याच खांद्याचा आधार घेतला, आणि तो खांदा धरूनच ती आबांना म्हणाली, "जिती आहे रे बुढी. चहा पिऊन राहिली."

आणि मग आतून आवाज आला. भांडं पडल्याचा, आणि त्यामागोमाग हसण्याचा. ती कमल होती. दाबून ठेवलेलं हसू फुटलं की ते थांबवता येत नाही, तसं ती हसत होती. काकू तिला गप्प करताहेत आणि स्वतःच हसताहेत, हेही ऐकू येत होतं.

आबा आतल्या दाराकडे बघत होते. मग त्यांनी टोपी काढली, मांडीवर ठेवली आणि माझ्याकडे वळले.

"मास्तर, मी केळीचा व्यापार करतो. मानूस पारखायचंच आमचं काम. तुम्हाले फसवनं इतकं सोपं असीन, तर तुम्ही कोनाले फसवनार?"

हे कौतुक होतं की नाही ते मला कळेना, पण मी मान डोलावली.

"मुहूर्त हाय तोच ठेवू. एक मात्र सांगतो. वरातीले घोडा नको. आपल्याकडच्या बाया दागिने घरी ठेवून येतीन."

साखरपुडा झाला, लग्नही झालं. वरात बैलगाडीतून निघाली आणि दगा टेलर माझ्या बाजूनं, सगळ्यांत पुढे नाचला. मोठी माय पुढे सहा वर्षं जगली. मी सासुरवाडीला गेलो की ती मला जेवायला वाढताना शेजारी बसायची, आणि पंगतीत कुणी नवा पाहुणा असला की त्याला तो सगळा प्रसंग मलाच सांगायला लावायची.

कमलला मी लग्नानंतर काही महिन्यांनी विचारलं. देवपुरातल्या आमच्या दोन खोल्यांत ती तांदूळ निवडत बसली होती.

"तुझे वडील त्या दिवशी राजी झाले ते ठीक. पण जळगावला थेटरापुढे तू रडत होतीस ना? तुला भीती नव्हती वाटली माझी?"

"मी हसत होते," ती म्हणाली. "पदर उगाच धरला होता का तोंडाशी? तुमची भीती मला वाटलीच नाही. तिसऱ्या भागात तर अजिबात नाही. त्यानंतर मी आईला सांगून टाकलं होतं, करीन तर याच माणसाशी."

"तिसऱ्यात? तिसऱ्यात तर मी त्या बाईला उचलून गाडीत आपटतो."

"हो. पण आपटल्यावर तुम्ही तिच्याकडे वाकून काहीतरी बोललात. आवाज नव्हता, नुसता ढोल वाजत होता. बाकी कुणाच्या ध्यानात आलं नाही, मी मात्र तुमच्या ओठांकडेच बघत होते. तुम्ही तिला विचारलंत, 'लागलं का हो?'" तिनं सूप खाली ठेवलं. "एवढा मोठा डाकू, आणि विचारतोय लागलं का. मी तेव्हाच म्हटलं, हा माणूस आयुष्यात कुणाला दुखवणार नाही."

या गोष्टीला आता पुष्कळ वर्षं झाली. आमची नातवंडं शाळेत जातात, आणि कमल अजूनही कुणी आमच्या लग्नाचा विषय काढला की डोळ्यांत पाणी आणून हीच गोष्ट सांगते. सगळे माझ्याकडे आदरानं बघतात. मीही खाली मान घालून बसतो.

कंपनीनं मला लावलेली मिशी डिंकाची होती. उन्हानं तिचं डावं टोक सुटलं होतं. मी त्या बाईला विचारत होतो, "लोंबतेय का हो?"